सत्तरच्या दशकातला मराठवाडा: दुष्काळ आणि नामांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

गोदाकाठ (प्रश्न)

गेले काही महिने मराठवाड्याच्या १९७० ते १९८० या दहा वर्षांविषयी हाती लागेल ते वाचतो आहे, आणि वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. या दशकाच्या दोन कहाण्या सांगितल्या जातात आणि त्या सांगणारी माणसेही बहुधा निराळी असतात. पहिली कहाणी बाहत्तरच्या दुष्काळाची. मिलो (त्या काळी वाटलेली परदेशी लाल ज्वारी), सुकडी (कामावर वाटला जाणारा कोरडा आहार), खडी केंद्रे, नालाबंडिंग, पाझर तलाव हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी इतके बसलेले आहेत की "बाहत्तरच्या दुष्काळात तू रांगत होतास" अशा हिशेबाने आमच्याकडे अजूनही वये काढली जातात. दुसरी कहाणी २७ जुलै १९७८ रोजी सुरू होते. त्या दिवशी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि पुढच्या काही दिवसांत गावोगावी दलितांची घरे पेटली. ही दुसरी कहाणी सांगताना पहिलीतला एक शब्दही येत नाही. गावे तीच, माणसे तीच, मध्ये अवघी पाच-सहा वर्षे, तरीही दुष्काळ निसर्गाच्या खात्यात आणि दंगल अस्मितेच्या खात्यात अशी वाटणी झालेली दिसते.

माझा प्रश्न असा आहे की, या दोहोंच्या मधल्या काळात गावातील जमीनवाला आणि मजूर यांच्या संबंधांत असे काही बदलले होते का, की ज्यामुळे १९७८ चा उद्रेक केवळ "विद्यापीठाच्या नावाचा वाद" राहत नाही? ज्यांच्या घरात त्या काळच्या आठवणी अथवा कागदपत्रे आहेत, त्यांनी अवश्य लिहावे. केवळ निषेधाचे किंवा समर्थनाचे प्रतिसाद नकोत. ते पुष्कळ वाचून झाले आहेत.

जुनीवही

आमचे घर परभणी जिल्ह्यातले, कोरडवाहू जमिनीचे, पण सालगडी बाळगणारे. म्हणजे मी जे लिहिणार आहे ते ओट्यावरून दिसलेले आहे, ओट्याखालून नव्हे. हे आधीच सांगून टाकते.

आजोबांच्या हिशेबाच्या वह्या अजून घरात आहेत. त्यांत दरवर्षी पाडव्याला सालदाराचे नाव, ठरलेली रोकड, महिन्याला किती पायल्या ज्वारी आणि वर्षाकाठी एक घोंगडी व एक जोडा अशी नोंद असे. त्याखाली मागील बाकी. ही बाकीच खरी गोम होती. लग्नाला, आजारपणाला उचललेले पैसे सालात फिटत नसत, म्हणून पुढचे साल त्याच घरी धरावे लागे. माणूस बांधला जाई तो कायद्याने नव्हे, बाकीने.

दुष्काळाची सलग तीन वर्षे आली तेव्हा ही बाकी वसूल होण्याजोगे काही उरलेच नाही, कारण ज्याच्याकडून धान्य मिळायचे त्याच्याच कणग्या रिकाम्या झाल्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांत मजूर होते, तशीच कधी दुसऱ्याच्या बांधावर न गेलेली शेतकरी घरातली माणसेही होती. आमची थोरली आत्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून खडी फोडायला जात असे, ते रस्त्याने जाणाऱ्यांनी ओळखू नये म्हणून. चिपा डोळ्यांत उडू नयेत म्हणून बायका मान एका बाजूला वळवून हातोडी मारीत, आणि संध्याकाळी ढिगाचे मोजमाप होऊन मजुरी लागे. एकाच ओळीत बसून सगळ्या जातींच्या बायकांनी खडी फोडली हे आत्या कौतुकाने सांगते. पाण्याचे माठ मात्र वेगळे होते, हे विचारल्यावर सांगते.

मिलोची भाकरी लालसर होई आणि थापताना तिचे काठ फुटत. (ओघात एक गैरसमज दूर करते: गाजरगवत या मिलोबरोबर आले असे सर्रास सांगितले जाते, पण त्याची नोंद पुण्याजवळ १९५० च्या दशकातच झालेली आहे.)

माझ्या दृष्टीने त्या कामांवरची सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे मस्टर, मजुरांचा हजेरीपट. त्यावर मजुराचे स्वतःचे नाव चढत होते, समोर अंगठा उमटत होता आणि पैसे मस्टरवाल्याच्या हातून मिळत होते, मालकाच्या नव्हे. मजुरी मुद्दामच शेतमजुरीपेक्षा कमी ठेवलेली असे, त्यामुळे तिने कोणी सुखी झाले नाही. पण "पाडव्याला नाही जमले तर कामावर जाईन" असे म्हणण्याची सोय पहिल्यांदा झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमी योजनेचा आग्रह धरला आणि जिची सुरुवात सांगली जिल्ह्यात विसापूरला झाली, ती दुष्काळ सरल्यावरही गुंडाळली गेली नाही. १९७५ पासून व्यवसाय कर लावून शहरांतील नोकरदारांकडून तिचा पैसा उभा केला गेला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, हे शब्द सरकारी कागदावर आले. आमच्या आजोबांच्या तोंडी मात्र एकच वाक्य होते: "रोजगार हमीने गडी नासवले." ज्या घरांत हे वाक्य बोलले गेले त्याच घरांतली तरुण पोरे १९७८ ला रस्त्यावर होती, असे मला वाटते. म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे.

काळीमाती

जुनीवही यांचा प्रतिसाद मनापासून आवडला, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला इतका सरळ वाटत नाही, आणि त्याचे कारण नकाशात आहे.

दुष्काळ, मग रोजगार हमी, मग मजुरांचा ताठा, मग मालकांचा राग अशी साखळी असती, तर जिथे दुष्काळ सर्वांत तीव्र होता तिथे १९७८ ची हिंसा सर्वांत मोठी असायला हवी होती. तसे झालेले नाही. अवर्षणप्रवण मराठवाडा म्हणजे औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद. (तेव्हा जिल्हे पाचच होते, जालना १९८१ ला आणि लातूर १९८२ ला वेगळे झाले, हे जुने आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.) हिंसेचा सर्वाधिक तडाखा बसला तो नांदेड आणि परभणी या तुलनेने भरवशाच्या पावसाच्या, काळ्या कसदार जमिनीच्या जिल्ह्यांना. तेव्हा दुष्काळ हेच कारण धरले तर बीड-उस्मानाबाद तुलनेने शांत का राहिले, याचे उत्तर सापडत नाही.

मला तरी असे दिसते की नांदेड-परभणीत शेतीच निराळ्या वाटेला लागली होती. पूर्णा प्रकल्पाचे, म्हणजे येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी साठच्या दशकाच्या अखेरीस मिळू लागले. हायब्रीड ज्वारी आली, खत आले, १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे फक्त सरकारमार्फत खरेदी, सुरू झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये जायकवाडीचे उद्घाटन झाले आणि तिचा डावा कालवा परभणीच्या दिशेने निघालेला होताच. कापूस हे पीक बायकांच्या हातांवर उभे असते. खुरपणी आणि वेचणी वेळेवर झाली नाही तर खत-बियाण्याचा पैसा मातीत जातो. जिथे मजुराची गरज वाढली आणि मजूर मात्र पूर्वीसारखा हाकेला येईना, तिथे ताण जास्त साठला असावा. दुष्काळापेक्षा सुबत्तेची सुरुवात ही अधिक धोकादायक वेळ होती, असे माझे मत आहे.

परंतु इथेच थांबले तर आपण आणखी एक चूक करू. घरे जाळताना कोणाची घरे निवडली गेली ते पाहा. हल्ल्याचे मुख्य लक्ष्य होते ते बौद्ध वस्त्या. त्यांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले होते, गावकीची कामे नाकारली होती, पोरांना शिकवले होते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हापासूनच्या दोन पिढ्यांत खेड्यातला एखादा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकून तलाठी, शिक्षक, बँकेत कारकून होऊन इस्त्रीच्या कपड्यांत सुटीला गावी येऊ लागला होता. तो कोणाचा सालगडी नव्हता, त्यामुळे मजुरीच्या हिशेबात तो बसतच नाही; आणि तरीही सर्वांत जास्त सलत होता तो तोच. शिवाय नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ज्यांची हत्या झाली ते पोचीराम कांबळे मातंग समाजाचे होते. "जय भीम" म्हणणारा प्रत्येक जण लक्ष्य होता, मग तो कोणत्याही वस्तीतला असो. याला आर्थिक संबंधांचे नुसते प्रतिबिंब म्हणणे मला पटत नाही.

जुनीवही यांना एक विनंती. वहीत १९७८ च्या जुलै-ऑगस्टची रोजंदारीची पाने असतील तर पाहावीत. तो खुरपणीचा हंगाम असतो आणि पावसाळ्यात रोजगार हमीची कामे बहुतेक बंद असतात. गावाने बहिष्कार घातला असेल तर मजुराला त्या दिवसांत ना शेतात काम, ना सरकारी कामावर. त्या पानांवर काय दिसते?

मोजपट्टी

या चर्चेत १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन अद्याप आलेले नाही. ते वगळले तर मधला दुवाच निसटतो, म्हणून थोडे लिहितो.

मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या वारशासह, कोणतीही अट न घालता, आधी द्विभाषिक राज्यात आणि मग १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. तोवर इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. रेल्वे निजामाच्या काळातली मीटरगेज, म्हणजे मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून गाडी बदलायची, आणि मालाचीही तिथे चढउतार करायची. उद्योग म्हणावे असे फारसे नव्हते. साठच्या दशकात तालुक्याच्या गावांत महाविद्यालये निघाली आणि दुष्काळ संपता संपता पदवी घेतलेल्या मुलांचे लोंढे बाहेर पडले. शेती बुडालेली, नोकरी नाही. त्या मुलांनी १९७४ मध्ये आंदोलन उभे केले. नोकऱ्या, ब्रॉडगेज, सिंचन, उद्योग, विकास मंडळ या त्यांच्या मागण्या होत्या आणि त्यांतली एकही गैरवाजवी नव्हती. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातील अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातली तूट, ३१८६ कोटींचा ठरवला, त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा होता. ब्रॉडगेज औरंगाबादपर्यंत यायला नव्वदचे दशक उजाडले आणि वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये झाली.

मुद्दा असा की "मराठवाडा" हा शब्द या आंदोलनाने तरुणांच्या मनात अन्यायाशी घट्ट जोडला. चार वर्षांनी विद्यापीठाच्या नावातून तोच शब्द जाणार असे जाहीर झाले, तेव्हा मागासलेपणाचा राग वळवायला तयार वाट मिळाली. त्यात भर पडली ती राखीव जागांच्या चर्चेची: नोकऱ्या मुळातच मूठभर, आणि त्या कोणाला मिळाल्या याची उजळणी पारावर रोज होत असे. मुंबईच्या तिजोरीकडे बोट दाखवणे लांबचे होते, शेजारच्या वस्तीकडे दाखवणे सोपे होते. आंदोलनातली सगळीच मुले त्या वाटेने गेली असे मुळीच नाही. त्याच पिढीतली काही मुले नामांतराच्या बाजूने उभी राहिली आणि त्यासाठी घरात व गावात वाईटपणा घेतला. पण प्रदेशावरचा अन्याय आणि प्रदेशाच्या आतला अन्याय या दोन गोष्टी एकत्र मांडण्याची ताकद त्या आंदोलनाच्या नेतृत्वाने दाखवली नाही, हे आज तरी स्पष्टपणे म्हणता येते.

वाटसरू

माझे वडील ऊसतोडीला जात. बीड जिल्ह्यातल्या माणसाला बीड "शांत" होते हे वाचून थोडे हसू आले, म्हणून लिहितो.

शांत असण्याचे एक कारण कदाचित असेही असेल की आमच्याकडचा ताण गाडीत बसून बाहेर जात होता. ऊसतोडीला जाणे दुष्काळाआधीही होते, पण बाहत्तरनंतर त्याचे प्रमाण फार वाढले. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत होते आणि त्यांना तोडणीला बाहेरचे हात हवे होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा, उचल (आगाऊ रक्कम) देई, नवरा-बायकोच्या जोडप्याचा मिळून एक कोयता धरला जाई, आणि बैलगाडीत भांडी, पीठ, कोंबड्या, लेकरे घालून आम्ही निघत असू. फडाजवळ पाचटाच्या कोप्या. पहाटे तीनला उठून आई भाकरी टाकी, कारण उजाडण्याआधी फडात पोचायचे असे. सहा महिने शाळेचे नाव नाही.

जुनीवही यांनी बाकीविषयी लिहिले ते अगदी खरे आहे, पण ती बाकी संपली नाही, तिने मालक बदलला. पाडव्याच्या बाकीच्या जागी मुकादमाची उचल आली. आणीबाणीत कर्जनिवारणाचा कायदा झाला, सावकाराची कागदे फाडली गेली म्हणून गावात पेढे वाटले गेले आणि पुढच्या आजारपणाला सावकाराने दार लावून घेतले, तेव्हा वडील मुकादमाकडेच गेले. फरक एवढाच की गावात वडिलांना ज्या घरासमोरून चप्पल हातात घेऊन जावे लागे, तसे कारखान्याच्या तळावर करावे लागत नसे. हा फरक लहान आहे असे ज्याला वाटेल त्याने ती चप्पल कधी हातात घेतलेली नाही.

आणखी काही माणसे औरंगाबादला गेली. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत हमाली, बांधकाम, मग कुठेतरी वॉचमन. १९७१ मध्ये शहराची वस्ती १ लाख ६५ हजारांच्या आसपास होती, ती १९८१ मध्ये ३ लाख १६ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. ही वाढ कोणाकोणाच्या गावातून आली याचा कोणी शोध घेतला तर १९७८ विषयीही पुष्कळ कळेल, कारण दंगलीनंतर जे गाव सोडून गेले त्यांतले सगळे परतले नाहीत.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. काळीमाती यांनी नकाशाचा मुद्दा काढला नसता तर मी जुनीवही यांचेच उत्तर घेऊन निघालो असतो. आता ते तसे घेता येत नाही. वाटसरू यांचे म्हणणे त्या नकाशाला आणखी एक अंग देते, मात्र त्यात एक अडचण दिसते. ऊसतोडीचा हंगाम साधारण उन्हाळ्यापर्यंत संपतो, म्हणजे जुलैच्या अखेरीस ती माणसे गावातच असणार. तरीही वर्षातले सहा महिने ज्यांचे पोट गावावर अवलंबून नाही त्यांच्याशी गावाचे संबंध वेगळे असतील, हे पटते.

माझ्या वाचनातला एक धागा इथे जोडतो. भूमिहीनांनी कसलेल्या गायरान (गावाच्या सामाईक चराऊ) जमिनींवरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९७८ च्या डिसेंबरमधला आहे, म्हणजे दंगलीनंतरचा. पण गायराने कसणे त्याआधी कैक वर्षे चालू होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून, म्हणजे १९५९ आणि १९६४ पासून, मराठवाड्यात हा लढा होता. ज्या गावांत घरे जळाली त्यांतल्या किती गावांत आधी गायरानाचा तंटा होता, हे तपासायला हवे. जमीन, मजुरी, नोकरी आणि मान यांचे चार वेगळे नकाशे काढून एकमेकांवर ठेवले तर काहीतरी हाती लागेल असे वाटते.

जुनीवही

काळीमाती यांनी विचारले म्हणून काल माळ्यावरून अठ्ठ्याहत्तरची वही काढली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण पावसाळ्याची पाने शाबूत आहेत.

आषाढात खुरपणीच्या रोजंदारीत अकरा बायकांची नावे आहेत. त्यांतल्या सात जणी बौद्धवाड्यातल्या. आत्याने नावे वाचून ओळखल्या. ठरावानंतरच्या आठवड्यापासून या सातही जणींची नावे सलग तीन आठवडे नाहीत. आमच्या घरात बहिष्काराचा विषय कधी निघाला नव्हता, आणि आजोबा "आपण त्यात नव्हतो" असे सांगत; वही तसे सांगत नाही. त्या सात जणींच्या जागी शेजारच्या गावातून बायका आणलेल्या दिसतात. त्यांची मजुरी जास्त लावली आहे आणि वर बैलगाडीचे भाडे वेगळे. एवढे करून दक्षिणेकडच्या पट्टीतली खुरपणी राहून गेली असावी, कारण दिवाळीनंतरच्या हिशेबात त्या पट्टीपुढे "तणात गेली" असे आजोबांच्या अक्षरात लिहिलेले आहे.

म्हणजे आधीच्या प्रतिसादात मी जे ठामपणे लिहिले होते त्यातले अर्धे मला मागे घ्यावे लागते. मजूर स्वस्तात आणि हाकेसरशी मिळावा एवढ्यासाठीच सगळे चालले असते, तर ऐन खुरपणीत कोणी आपल्याच शेतावरच्या बायका बंद केल्या नसत्या. जास्त मजुरी मोजून, गाडीभाडे भरून, एक पट्टी तणात घालवून त्यांनी ते केले. श्रावणाच्या अखेरीस सातपैकी पाच नावे पुन्हा दिसतात, मजुरी जुनीच. उरलेल्या दोघींची नावे त्या वहीत पुढे कुठेच नाहीत. त्या औरंगाबादला गेल्या असाव्यात असे आत्या म्हणते, पण तिलाही नक्की आठवत नाही.